भाता कोण ओढतो?



लोहाराच्या भट्टीपाशी आपण सगळेच कधी ना कधी उभे राहिलेलो आहोत. विळ्याला धार लावून घ्यायची असते, पहार शेवटून घ्यायची असते. घण पडतो, ठिणग्या उडतात आणि आपले डोळे त्या घणावर खिळून राहतात. बाजूला बसून कोणीतरी भाता ओढत असते. ती लोहारीण असेल, नाहीतर त्यांचे पोर असेल. तिकडे मात्र आपले लक्ष जात नाही. पण तो भाता दोन मिनिटे थांबवा. निखारा काळवंडतो, लोखंड निवते आणि घण नुसताच आपटत राहतो.

आज मी तुमच्यापुढे या भात्याविषयीच बोलणार आहे. मात्र लोहाराच्या नव्हे, वाद्याच्या. जगातले सर्वांत मोठे वाद्य कोणते, असे विचारले तर उत्तर येते ऑर्गन. युरोपातल्या मोठ्या चर्चमधून असतो तो, शेकडो, हजारो नळ्यांचा ऑर्गन. त्याच्या सुरांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी बोलणार आहे ते त्याच्या श्वासाविषयी. हा श्वास कोण पुरवीत होते, पुढे तो कसा पुरवला जाऊ लागला आणि वाद्य जुने झाल्यावर त्याला पुन्हा श्वास कसा दिला जातो, एवढाच आजचा विषय आहे.

या विषयाशी माझा संबंध लहानपणीच आला. कृष्णाकाठच्या आमच्या गावी एकादशीला देवळात भजन असे. पेटीवाल्या बुवांना दोन्ही हातांनी पेटी वाजवायची हौस होती. मग भाता धरायला एखादे पोर लागे आणि ते पोर बहुतेक वेळा मीच असे. एकदा अभंग ऐन रंगात आला असता मला डुलकी लागली. सूर खाली घसरला, रडवेला झाला आणि गप्प पडला. टाळकरी थांबले. बुवा मागे वळून म्हणाले, "अरे लेका, वारा गेला की!" सगळे देऊळ हसले. पण त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. बोटे बुवांची होती, तरी गाणे आम्हा दोघांचे होते.

आता ऑर्गन म्हणजे काय ते पाहू. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर ओठ टेकवून आडवी फुंकर घाला. घुमल्यासारखा आवाज येतो. बाटलीत थोडे पाणी ओता, म्हणजे आतली हवेची जागा कमी होईल आणि आवाज वर चढेल. बासरीचे तत्त्व हेच. ऑर्गन म्हणजे अशा बासऱ्यांचे रानच म्हणा ना! प्रत्येक सुराला वेगळी नळी, आणि त्याच सुराच्या वेगवेगळ्या जातींनाही पुन्हा वेगळ्या नळ्या. एखादी नळी पेन्सिलीएवढी असते, तर एखादी तोंड उघडी असलेली खर्जाची नळी ३२ फूट, म्हणजे तीन मजली घराइतकी उंच असते. तिचा सूर कानाला ऐकू येण्यापेक्षा बाकाच्या फळीतून अंगाला जाणवतो.

बासरी फुंकायला एका माणसाचा श्वास पुरतो. पण एका वेळी शंभर बासऱ्या वाजवायच्या, त्यांत तीन मजली बासऱ्याही असायच्या, आणि सूर तर तसूभरही हलता कामा नये! एवढा वारा आणायचा कोठून? आणि आणला तरी तो एकसारखा ठेवायचा कसा?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यांदा शोधले ते इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरातल्या क्टेसिबियस नावाच्या कारागिराने, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात. हातपंपाने हवा भरली की ती धक्क्याधक्क्याने येते. दांडा खाली गेला की जोर, वर गेला की ओहोटी. त्याने हवेचे भांडे पाण्यात उपडे ठेवले. पंपाची हवा आधी त्या भांड्यात जाई, आतले पाणी बाहेर ढकली, आणि बाहेर चढलेले ते पाणी आपल्या वजनाने हवेवर एकसारखा दाब ठेवी. गावाच्या उंच टाकीमुळे नळाला जसा सारखा जोर राहतो, तसेच हे झाले. म्हणून त्या वाद्याला पाण्याचा ऑर्गन म्हणत. हाच क्टेसिबियस दाबपंपाचाही जनक मानला जातो आणि तसले पंप पुढे आग विझवायलाही उपयोगी पडले. योगायोग असा की, हंगेरीतल्या बुडापेस्टजवळ अक्विंकम या रोमन वसाहतीच्या अवशेषांत १९३१ साली एका लहान ऑर्गनचे तुकडे सापडले. त्यावरच्या धातूच्या पट्टीवर इसवी सन २२८ चा लेख आहे. हा ऑर्गन भेट दिलेला होता तो तिथल्या आग विझवणाऱ्यांच्या संघाला!

शिक्षक मित्रांसाठी एक प्रयोग सांगतो. हातभर पारदर्शक नळी घ्या, घोड्याच्या नालासारखी वाकवा आणि तीत अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एका तोंडातून हळूच फुंका. एका बाजूचे पाणी खाली जाईल, दुसऱ्या बाजूचे वर चढेल. दोन्ही बाजूंच्या उंचीतला फरक म्हणजे तुमच्या फुंकरीचा दाब. ऑर्गन बांधणारे आजही वाऱ्याचा दाब असाच पाण्याच्या उंचीवर मोजतात. तुम्हांला वाटेल, एवढ्या अजस्र वाद्याला दाबही अजस्र लागत असेल. तसे नाही. पुष्कळशा जुन्या ऑर्गनचा दाब ७५ मिलिमीटर पाण्याच्या आसपास असतो. म्हणजे चार बोटे पाणी! वर्गातले लहान पोरसुद्धा तेवढा दाब सहज काढील. पण ते काढील क्षणभर, आणि एका नळीपुरता. ऑर्गनला तोच दाब हवा असतो तासन्‌तास, शेकडो नळ्यांना.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे अधिक सांगायला नको. पाटाचे पाणी असेच असते. वरच्या माणसाने मोठे दार उघडले की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. ऑर्गनमध्येही खर्जाच्या मोठ्या नळ्या एकदम उघडल्या की बारीक नळ्यांचा वारा तुटतो आणि सूर लटपटतो. सुप्रसिद्ध संगीतकार बाख याला नवे ऑर्गन तपासायला बोलावीत. तो आधी सगळ्या नळ्यांचे खटके ओढून एकदम मोठा आवाज काढी. या वाद्याची फुप्फुसे चांगली आहेत की नाहीत ते आधी पाहिले पाहिजे, असे तो थट्टेने म्हणत असे. सुराची परीक्षा मागाहून, श्वासाची आधी.

ही फुप्फुसे हलवीत कोण होते? माणसे! दहाव्या शतकात इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या चर्चमध्ये एक ऑर्गन होता. वुल्फस्टन नावाच्या साधूने त्याचे वर्णन पद्यात केले आहे. ४०० नळ्या, २६ भाते आणि ते ओढायला घामाघूम झालेली ७० माणसे, असे तो सांगतो. कवी आहे, थोडे वाढवून सांगितले असेल. पण जर्मनीतल्या हाल्बरश्टाटच्या ऑर्गनची हकीकत अधिक बारकाईने नोंदलेली आहे. तो १३६१ साली बांधला गेला. प्रेटोरियस या संगीतज्ञाने सतराव्या शतकाच्या आरंभी त्याचे वर्णन आणि चित्र दिले आहे. त्याला २० भाते होते आणि ते चालवायला १० माणसे. प्रत्येक माणसाचा एकेक पाय एकेका भात्याला अडकवलेला. वरच्या आडव्या दांडीला हातांनी धरायचे आणि अंगाचा भार एकदा या पायावर, एकदा त्या पायावर टाकायचा. शेताच्या मोटेवर जसा बैल मागेपुढे होतो, तशी ही दहा माणसे भिंतीआड वरखाली होत राहायची. बाहेर सणाची प्रार्थना चाललेली असायची. यांना त्यातले काही दिसायचे नाही.

या भातेवाल्यांना जर्मन भाषेत 'कालकांट' असे स्वतंत्र नाव आहे. पुढे इंग्लंडात भात्याला लांब दांडा बसवू लागले. दांड्याजवळ भिंतीवर दोरीला शिशाचे वजन टांगलेले असे. आतला भाता भरला की वजन एका बाजूला सरके, रिकामा होऊ लागला की उलटे. भातेवाल्याने त्या वजनावर डोळा ठेवायचा आणि खूणरेषा ओलांडू द्यायची नाही. अशा कित्येक भातेघरांच्या भिंतींवर आणि फळ्यांवर या माणसांनी चाकूने किंवा पेन्सिलीने आपली नावे आणि वर्षे खरडून ठेवलेली आढळतात. वाजवणाऱ्याचे नाव कार्यक्रमाच्या कागदावर छापले जाई. भातेवाल्याला आपले नाव स्वतःच लिहावे लागे.

आपल्या देशातही नळ्यांच्या ऑर्गनची एक विलक्षण हकीकत आहे. म्हैसूरच्या टिपू सुलतानाकडे एक लाकडी वाघ होता. गोऱ्या शिपायाच्या उरावर बसलेला. वाघाच्या पोटात भाते आणि नळ्या. बाजूचा दांडा फिरवला की वाघ गुरगुरतो, शिपाई विव्हळतो आणि त्याचा हात वरखाली होतो. वाघाच्या कुशीचे दार उघडले तर आत चक्क १८ सुरांचा लहानसा ऑर्गन! १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर हा वाघ लंडनला गेला. तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या वाचनालयाजवळ तो ठेवला होता, तेव्हा येणारेजाणारे सारखा दांडा फिरवीत आणि अभ्यास करणाऱ्यांची समाधी भंग करीत. पुढे तो मूळ दांडाच नाहीसा झाला. दुसऱ्या महायुद्धात बाँबमुळे वरचे छत कोसळले आणि वाघाच्या लाकडी अंगाच्या शेकडो ढलप्या उडाल्या. त्या एकेक वेचून पुन्हा जुळवल्या गेल्या आणि वाघ उभा राहिला. आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे.

एकोणिसाव्या शतकात शहरांतून नळाचे पाणी आले आणि माणसांच्या पायांची जागा यंत्रे घेऊ लागली. नळाच्या पाण्याच्या जोरावर दट्ट्या मागेपुढे होई आणि तो भाता हलवी. मग वाफ आली. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये १८७१ साली हेन्री विलिस याने प्रचंड ऑर्गन बांधला, त्याला वारा पुरवायला वाफेची इंजिने होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेचे पंखे आले आणि प्रश्न मिटला. बटण दाबले की वारा. अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीच्या सभागृहात १९२९ ते १९३२ या काळात बांधलेला ऑर्गन जगातला सर्वांत मोठा गणला जातो. त्याच्या नळ्या ३३,००० हून जास्त. त्याला वारा पुरवणाऱ्या मोटारींची शक्ती आपल्या विहिरींवरच्या ५ अश्वशक्तीच्या पन्नासहून अधिक मोटारी एकत्र केल्या तरी पुरी पडणार नाही. पण मोटारींनाही आपले दैव असते. १९४४ च्या वादळात समुद्राचे पाणी तळघरात शिरले, यंत्रे भिजली आणि वाद्य पांगळे झाले. त्याच्या जीर्णोद्धाराचे काम अलीकडच्या काळात नेटाने चालू झाले आहे.

आता म्हणाल, हे सगळे सातासमुद्रापलीकडचे. आपल्या सातारा-सांगलीचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो रंगभूमीमुळे आहे. सांगली हे मराठी नाटकाचे माहेर. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी येथेच 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. 'शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल सांगलीशेजारच्या हरिपूरचे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'संगीत शाकुंतल' केल्यापासून संगीत नाटकाचे युग सुरू झाले आणि गाण्याला साथ हवी झाली. सारंगी होती, तबला होता. पुढे पेटी आली. पॅरिसच्या दबँ याने १८४० च्या सुमारास हार्मोनियम तयार केला, तो पायाने भाता मारायचा होता. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास त्याची हाताने भाता मारायची, जमिनीवर बसून वाजवायची पेटी केली. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताने तिला मैफलीत मान मिळवून दिला. पुढे १९१३ साली बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. या मंडळीच्या वैभवकाळात रंगमंचासमोर थिरकवांचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन होता.

हा आपला नाटकातला ऑर्गन मात्र नळ्यांचा नव्हे, बरं का. त्यात पितळी पट्ट्या असतात. वारा गेला की पट्टीची जीभ थरथरते आणि सूर निघतो. पेटीत आणि या पायाच्या ऑर्गनमध्ये एक गमतीचा फरक आहे. पेटीचा भाता हवा आत भरतो आणि ती पट्ट्यांतून बाहेर ढकलतो. अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनमध्ये उलट असते. पायांच्या दोन फळ्या पेटाऱ्यातली हवा बाहेर काढतात, आत पोकळी होते आणि बाहेरची हवा पट्ट्यांतून आत ओढली जाते. पेटी फुंकते, ऑर्गन श्वास घेतो. म्हणून त्याचा आवाज मऊ, भरीव आणि गायकाच्या गळ्यामागे सावलीसारखा उभा राहणारा. येथे भातेवाला वेगळा नाही. वाजवणाऱ्याचे हात वर गातात आणि पाय खाली राबतात. नाटक रात्रभर चाले, पदांना वन्समोअर मिळत, आणि ऑर्गनवाल्याचे पाय पहाटेपर्यंत थांबत नसत. पंढरीच्या वाटेवर वारकरी जेवढा चालतो, तेवढा हा बसल्या जागी चालत असला पाहिजे.

असे पायाचे ऑर्गन नाटक मंडळ्या मोडल्यावर कोठे कोठे पांगले. काही नाट्यगृहांच्या माळ्यावर गेले, काही शाळांत, काही घरांत. त्यांतल्या एकाची गोष्ट सांगतो, कारण तीत माझा अपराध आहे.

एका शाळेत असा एक ऑर्गन अडगळीत पडला होता. गावाचे आणि शाळेचे नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. फळ्या दाबल्या तर फुस्स आवाज येई आणि दोन-तीन सूर कसेबसे कण्हत. संमेलनाच्या वेळी तो वाजवावा असे मुख्याध्यापकांच्या मनात आले. मला थोडी गोडी आहे हे ठाऊक असल्याने त्यांनी मला बोलावले. मी शहाणपणा केला. म्हटले, "पाय कशाला मारायचे? विजेचा जमाना आहे. हा हवा ओढूनच घेतो ना? मग घर झाडायचे, धूळ ओढायचे जे यंत्र मिळते त्याची नळी जोडून देऊ." सर्वांना कल्पना आवडली. नळी जोडली, बटण दाबले. क्षणभर सगळा ऑर्गन एकदम किंचाळल्यासारखा झाला. मग आतून टरकन आवाज आला आणि वाद्य कायमचे मुके झाले. सत्तर-ऐंशी वर्षे तग धरून राहिलेले भात्याचे कापड मी एका क्षणात फाडले होते. मघाशी सांगितलेली पाण्याची नळी मी त्या दिवशी जोडून पाहिली असती, तर कळले असते की या वाद्याला चार-पाच बोटांची ओढ पुरते, आणि ते यंत्र पुरुष-दीड पुरुष पाणी वर ओढू शकते. मी तहानलेल्या वासराला विहिरीत ढकलून दिले होते.

शेवटी मिरजेहून एक वृद्ध कारागीर आणले. मिरजेचे सतार-तंबोरे सर्वांना ठाऊक आहेत. तिथल्या या विद्येचे मूळ शिकलगारांत आहे. हत्यारे घडवणाऱ्या, पाजळणाऱ्या या मंडळींपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तंतुवाद्ये बनवायला सुरुवात केली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आमचे हे कारागीर पेटीदुरुस्तीचे. त्यांनी वाद्याला हात लावण्याआधी भोवती एक फेरी मारली, मागची फळी काढली आणि नुसता वास घेतला. म्हणाले, "उंदीर राहून गेलाय. पट्ट्या चांगल्या आहेत. सर, सूर कधी मरत नाही. आधी मरतो तो भाता."

त्यांचे ते वाक्य जगभरच्या मोठ्या ऑर्गननाही लागू आहे. धातूच्या नळ्या तीनतीनशे वर्षे टिकतात. कातडे, कापड आणि सांधे टिकत नाहीत. रॉयल अल्बर्ट हॉलचा ऑर्गन विसाव्या शतकाच्या अखेरीस असाच जागोजाग वारा गळून दमेकरी झाला होता. २००२ ते २००४ मध्ये तो उघडून आतली वाऱ्याची व्यवस्था नीट केली, तेव्हा कोठे त्याच्या ९,९९९ नळ्या पुन्हा मोकळ्या गळ्याने बोलल्या.

आपल्यासारख्या उष्ण आणि दमट मुलखातले उदाहरण हवे असेल तर फिलिपाइन्सकडे पाहावे. तिथे लास पिन्यास गावी डिएगो सेरा नावाच्या धर्मगुरूने १८१६ ते १८२४ या काळात बांबूचा ऑर्गन बांधला. १,०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या. कीड लागू नये म्हणून त्याने बांबू आधी वाळूत पुरून ठेवले होते. भूकंप झाले, वादळे झाली, वाद्य निकामी झाले. १९७३ साली ते जर्मनीतल्या बॉन शहरी क्लाइस या नामांकित कारखान्यात नेले. तिथल्या कोरड्या थंडीत बांबू तडकू नये म्हणून फिलिपाइन्ससारखी ऊब आणि ओल राखलेल्या खोलीत त्यावर काम झाले आणि १९७५ मध्ये ते घरी परतले. पुढे तिथलेच काही तरुण युरोपात ही विद्या शिकून आले आणि ऑर्गन बांधू व दुरुस्त करू लागले. मला यातला शेवटचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. वाद्य परत आले हे चांगलेच. पण विद्या घरी आली हे त्याहून चांगले.

आमच्या कारागिरांनी जुने फाटके कापड फेकून दिले नाही. त्यावरून कागदाचे नमुने कापले. नवे रबरी कापड आणि मेंढीचे मऊ कातडे आणले. चिकटवायला बाजारातला झटपट डिंक न घेता सरस उकळला. मी विचारले, "हा जुनाट खटाटोप कशाला?" ते म्हणाले, "सर, पुन्हा चाळीस वर्षांनी कुणीतरी हे उघडणार. सरस असला तर गरम पाण्यानं सुटतो. तुमचा तो नवा डिंक लावला तर लाकूड फोडावं लागेल. आपल्यामागून येणाऱ्याची वाट आपण बंद करू नये." जीर्णोद्धाराचे सगळे शास्त्र या एका उत्तरात आले. परदेशातले तज्ज्ञही हाच नियम पाळतात. जे करायचे ते असे करावे की पुढच्याला ते उलगडता यावे.

भाता काढला तेव्हा खालच्या फळीवर पेन्सिलीने लिहिलेला अस्पष्ट मजकूर दिसला. नाव पुसून गेले होते. 'भाता नवा घातला' एवढेच वाचता आले. कोणी, केव्हा, ठाऊक नाही. मला परदेशातल्या त्या भातेघरांच्या भिंती आठवल्या. आम्ही त्याखाली नवी ओळ लिहिली: कारागिरांचे नाव, तारीख, आणि त्यांच्याच आग्रहावरून, कोणते कापड व कोणता चिकट पदार्थ वापरला तेही. माझे नाव घालायला ते तयार होते. मी नको म्हटले. फाडणाऱ्याचे नाव भात्यावर नसावे.

मोटार बसवायची की नाही, हा प्रश्न उरला होता. मोठ्या ऑर्गनच्या बाबतीत जाणकार आता विजेचा पंखा ठेवतात, पण काही जुन्या वाद्यांचा जीर्णोद्धार करताना त्याच्या जोडीला पायाचे भातेही पुन्हा चालू करतात. कारण पंख्याच्या वाऱ्यात आणि भात्याच्या वाऱ्यात सुराला फरक पडतो. भात्याचा वारा किंचित श्वासासारखा हलतो. आमच्या शाळेपुरता आम्ही निर्णय घेतला की मोटार नको. मुलांना पाय मारू द्यावेत. पाय थांबले की सूर थांबतो, हे सातवी-आठवीच्या मुलाला एकदा स्वतःच्या पोटऱ्यांतून कळले की त्याला पुष्कळ गोष्टी कळतात.

शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे. आपल्या शाळेच्या, देवळाच्या, नाट्यगृहाच्या अडगळीत पायपेटी किंवा ऑर्गन असेल तर तो लाकडाच्या भावाने विकू नका. ओल असलेल्या भिंतीपासून त्याला हातभर पुढे ओढा. पावसाळ्यात फळी उघडून उंदीर-वाळवी पाहा. महिन्यातून एकदा दहा मिनिटे हलके पाय मारा. कातडे हलते राहिले तर लवकर ताठत नाही. आणि दुरुस्त करायचाच झाला तर माझ्यासारखी घाई न करता, आधी वारा मोजा आणि जाणत्या माणसाला बोलवा. तो म्हातारा असेल तर शेजारी एखादे पोर बसवा, पाहायला.

जाता जाता पुन्हा एकदा हाल्बरश्टाटला जाऊ. जेथे ती दहा माणसे वीस भात्यांवर उभी राहत, त्याच गावात २००१ सालच्या ५ सप्टेंबरला एक अजब संगीत सुरू झाले. अमेरिकन संगीतकार जॉन केज याची ऑर्गनची एक रचना शक्य तितक्या सावकाश वाजवायची आहे. किती सावकाश? १३६१ चा तो जुना ऑर्गन बांधल्यापासून २००० सालापर्यंत ६३९ वर्षे झाली, म्हणून ही रचनाही ६३९ वर्षे चालायची आहे, २६४० सालापर्यंत! एकेक स्वरसमूह वर्षानुवर्षे वाजत राहतो; २०२४ च्या ५ फेब्रुवारीला तो बदलला, तेव्हा लांबलांबून माणसे ऐकायला जमली होती. पण मला कौतुक वाटते ते त्या रचनेच्या सुरुवातीचे. तिचा आरंभ विरामाने होतो. त्यामुळे पहिले सतरा महिने, २००३ च्या ५ फेब्रुवारीपर्यंत, त्या जुन्या चर्चमध्ये एकही सूर वाजला नाही. ऐकू येत होता तो फक्त भात्याचा वारा.

त्या दहा माणसांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. परंतु सहाशे चाळीस वर्षांनंतर त्यांच्या गावात लोक शांत उभे राहून, गाण्याआधी, नुसता वारा ऐकून गेले.

तेव्हा श्रोतेहो, उद्या देवळात भजन ऐकाल, नाटकाला जाल, किंवा लोहाराकडे पहार घेऊन जाल, तेव्हा क्षणभर नजर बाजूलाही वळवा. भाता कोण ओढतो आहे ते पाहा.